म्हातारपणाची उस्तवार

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांचे कोण पाहतो, असे विचारले की चटकन उत्तर येते, 'मुलगा!' मला हे उत्तर अर्धेच वाटते. मुलगा औषधाचे पैसे देतो. पण रात्री दोनदा उठून सासूबाईंची कूस बदलणारी, मामंजींचे अंग पुसणारी सूनच असते. तिच्या या कष्टांची नोंद कोठल्याच जमाखर्चात सापडत नाही.

जपानातही एके काळी हेच होते. १९७३ साली तेथे वृद्धांना वैद्यकीय उपचार मोफत झाले. झाले काय, की ज्यांना डॉक्टरपेक्षा हात धरणाऱ्या माणसाची गरज होती, असे म्हातारे महिनेन् महिने रुग्णालयांत पडून राहू लागले. तिकडे खाटांचा खर्च फुगला, इकडे सुना थकल्या. अखेर १ एप्रिल २००० पासून त्या देशाने शुश्रूषेचा स्वतंत्र विमाच काढला. चाळिशी गाठली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. विम्याचा निम्मा भार या हप्त्यांवर, निम्मा करांवर. पासष्टीनंतर कुणाला आधार लागू लागला, की किती लागतो हे तपासून नगरपालिका सात पायऱ्यांपैकी एक ठरवते. त्याप्रमाणे घरी येऊन आंघोळ घालणारी मदतनीस, दिवसापुरते सांभाळणारे केंद्र किंवा शुश्रूषागृह मिळते. बहुतेकांनी खर्चाचा दहावा हिस्सा द्यायचा, सधनांनी अधिक.

तेथे सारे गोडच आहे असे नव्हे. दर तीन वर्षांनी हप्ता नव्याने ठरतो आणि तो वाढतच गेला आहे. मदतनीसही पुरत नाहीत. पण ही उस्तवार एकट्या घराची नव्हे, एवढे तरी त्यांनी कायद्याने मान्य केले.

आणि आपण? २०११ च्या जनगणनेत साठी गाठलेली माणसे दहा कोटींहून अधिक भरली. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. २०२४ साली सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची हमी मिळाली. पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. खाट सोडून घरी आलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पुढे काय? तो प्रश्न पुन्हा सुनेच्याच पदरात!

जपानची नक्कल करा, असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक वॉर्डात शिकलेल्या मदतनीस बायका असाव्यात, त्यांना नेमाने पगार मिळावा, आणि घरच्या बाईला आठवड्यातून एक दिवस तरी उसंत लाभावी, एवढ्यापासून आरंभ करता येईल. आईबापांची सेवा हे पुण्य खरेच. मात्र ते सारे एकाच माणसाच्या खांद्यावर टाकून बाकीच्यांनी वाटून घेऊ नये.