काळीची कहाणी (भाग ९) : भेग त्याच जागी का पडते?

आज घरांच्या पायाबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. अमळनेरकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि आठवडाभर डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. ते विचारतात : 'दर वर्षी नांगरट होते, वखराच्या पाळ्या होतात, पावसाळ्यात वावर एकजीव होतं. तरी उन्हाळ्यात मोठी भेग पडते ती बांधावरच्या निंबापासून तेवढ्याच अंतरावर. हा माझा भास का?'

भास नाही. तापीकाठच्या एका कोरडवाहू वावरात मीही हे पाहिलं आहे. मे महिन्यात तिथल्या एका भेगेत तुराटी सोडली, तर ती कमरेइतकी सहज आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला काळी ओलसर माती चिकटलेली होती. वर पाय भाजत होते आणि खाली ओल होती! भेगेचं सगळं गणित या तुराटीच्या टोकाशी आहे.

काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या पापुद्र्यांमधलं पाणी गेलं की माती आक्रसते, हे गेल्या आठवड्यात आलंच. ती उभ्या दिशेने आक्रसते तेव्हा जमीन नुसती खाली बसते, कोणाच्या लक्षातही येत नाही. आडव्या दिशेने मात्र तिला मोकळीक नसते. खालचा ओला थर जागचा हलत नाही आणि वरचा सुकून आखडतो. ताण वाढत जातो आणि जिथे जोड कच्चा, तिथे माती फाटते.

आता हा कच्चा जोड कुठे असतो? नांगराने वरची वीतभर माती नवी होते. त्याखाली फाळ पोचतच नाही. तिथे गेल्या वर्षीची भेग पावसात फुगून मिटलेली असते, पण मिटणं वेगळं आणि सांधणं वेगळं. तिच्या पोटात वरून पडलेली भुसभुशीत माती, पालापाचोळा, कपाशीची वाळकी बोंडं असतात. पुढच्या उन्हाळ्यात ताण आला की बहुतेक वेळा तीच जागा आधी उघडते.

पत्रातला निंब तर नुसती खूण नाही, तो कारणही आहे. भर उन्हाळ्यात त्याची मुळं खालची ओल ओढत राहतात, म्हणून त्याच्या भोवतीची माती बाकीच्या वावराआधी आणि जास्त खोल सुकते. दर वर्षी मुळं तिथेच, म्हणून सुकणंही तिथेच. रावेर-यावलकडे याच काळ्या मातीत केळीला ठिबकने रोज पाणी मिळतं, तिथे अशा भेगा दिसत नाहीत. साक्रीकडच्या मुरमाड बरडावरही दिसत नाहीत, कारण तिथे फाटण्याएवढी चिकणमाती खोलवर नाहीच.

भेगेत पडलेल्या मातीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पाऊस आला की खालची माती फुगते, पण तिची जागा वरून आलेल्या मातीने अडवलेली असते. मग ती बाजूला आणि वर रेटते. शेततळ्याचा खड्डा खणताना चार-पाच फुटांवर तिरपी, घासून चकचकीत झालेली मातीची पृष्ठं दिसतात, ती या रेटारेटीची. खालचे चुनखडीचे खडे वर येतात तेही यानेच. शास्त्रज्ञांनी अशा जमिनीला 'व्हर्टिसोल' म्हटलं, ते 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. ही जमीन स्वतःला नांगरते.

म्हणून मेमधल्या भेगेला मी रोग मानत नाही. पहिल्या वळवाचं पाणी तिच्यातूनच थेट खोल उतरतं. उभ्या कपाशीत, पावसाने ताण दिला असताना पडलेली भेग मात्र नुकसानीची. ती मुळं तोडते आणि दोन्ही भिंतींतून ओल उडवते. तेव्हा वाट न पाहता कोळपं घालावं, भेगेचं तोंड मातीने बुजलं की निम्मं काम झालं.

वाचकांना एक विनंती. पहिल्या पावसाआधी वावरातल्या मोठ्या भेगेचं अंतर बांधावरच्या दोन झाडांपासून दोरीने मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मला कळवा.