ग्रामपंचायतीत फायबर आलं, मग रेंजसाठी टेकडी का चढावी लागते?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. वेबसाइट उघडायची, आधार नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा. शहरात पाच मिनिटांचं काम. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात मात्र याच ओटीपीसाठी महिला रेंज शोधत टेकडीवर गेल्याच्या बातम्या आल्या. महिन्याच्या १५०० रुपयांचा प्रश्न होता.

आता दुसरी बाजू बघा. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्येच मंजूर केली होती. २०१५ मध्ये तिला 'भारतनेट' हे नाव मिळालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम 'महानेट' म्हणून महाआयटीकडे आलं. मग घोडं अडलं कुठे?

फायबर पंचायतीत, माणसं पाड्यांवर

योजनेचं मूळ लक्ष्य घर नव्हतंच, ग्रामपंचायत होतं. केबल पंचायतीच्या खोलीत येणार, तिथे मशीन बसणार आणि पुढचं कुणीतरी बघेल, असा तो हिशोब. पण सातपुड्यात किंवा गडचिरोलीत एका ग्रामपंचायतीखाली अनेक पाडे असतात आणि तेही एकमेकांपासून लांब. पंचायत 'जोडली' गेली, तरी पाडा कोराच राहतो.

दुसरी अडचण केबल टाकण्याच्या पद्धतीची. आधीच्या टप्प्यांत केबल सरळ रेषेत गेली. मध्ये कुठे रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली, की पुढची सगळी गावं बंद. त्यात वीज नाही, बॅटरी उतरलेली, खोलीला कुलूप. तक्रार करायची तर केबल कुणाची, मशीन कुणाचं, इथून सुरुवात. खरं दुखणं हेच आहे. केबल टाकायला पैसा होता, ती चालू ठेवायला जबाबदार माणूस नव्हता.

आता काय बदलतंय?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. यात केबल सरळ रेषेऐवजी गोलाकार, म्हणजे 'रिंग' पद्धतीने जोडायची आहे. एका बाजूला तुटली, तर डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येतो. ग्रामपंचायतीबाहेरच्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार कनेक्शन द्यायचं आहे. कंत्राटदाराने तीन वर्षांत काम करायचं आणि पुढची दहा वर्षं तेच सांभाळायचंही आहे. कागदावर सगळ्यात कामाची अट हीच.

घरापर्यंतची तार स्थानिक उद्योजकाने ओढायची, म्हणजे अनेक ठिकाणी गावातला केबलवालाच. कमाई बीएसएनएल आणि त्याच्यात वाटली जाते. २०२३ मध्ये ही पद्धत पुढे आली तेव्हा सर्वांत स्वस्त प्लॅन महिना ३९९ रुपयांचा होता, ३० एमबीपीएसचा. तंत्र यासाठी सोयीचं आहे. एका फायबरला स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरं जोडता येतात. त्यामुळे एकट्याने अर्ज करण्यापेक्षा पाड्यावरच्या दहा-पंधरा घरांनी मिळून मागणी केलेली बरी. एका घरासाठी दोन किलोमीटर तार ओढायला केबलवाल्याला परवडत नाही.

सगळ्यांनाच घरचं कनेक्शन हवं असं नाही. त्यासाठी २०२० ची पीएम-वाणी योजना आहे. किराणा दुकानदार किंवा चहावाला लायसन्सशिवाय वायफाय विकू शकतो. पूर्वी त्यालाच महागडी लाइन घ्यायला लावली जायची. २०२५ च्या जूनमध्ये ट्रायने यावर मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या कनेक्शनला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. गावात दुकान असेल, तर हे माहीत असलेलं चांगलं.

एअरफायबरची जाहिरात सगळ्यांनी पाहिली असेल. छतावर अँटेना आणि टॉवरवरून थेट नेट. जिओचा ३० एमबीपीएसचा प्लॅन २०२५ मध्ये ५९९ रुपयांपासून होता, वर १८ टक्के जीएसटी. पण त्याला जवळ ५जी टॉवर लागतो. जिथे फोनलाच रेंज नाही तिथे त्याचा उपयोग शून्य.

आणि स्टारलिंक?

जमिनीपासून साधारण ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांवरून थेट घरच्या डिशवर इंटरनेट. ना खोदकाम, ना टॉवर. स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला २०२५ च्या जूनमध्ये, आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमची नावं आहेत. भर सरकारी कार्यालयं, शाळा आणि आरोग्य केंद्रांवर.

घरोघरी डिश हा सध्या तरी महागडा विचार वाटतो. अमेरिकेत २०२५ मध्ये स्टारलिंकच्या नेहमीच्या घरगुती प्लॅनचं महिन्याचं बिल १२० डॉलर होतं, म्हणजे दहा हजार रुपयांच्या घरात. शिवाय साधी डिश ७५ ते १०० वॉट वीज खाते, तीही ती चालू आहे तोवर सतत. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टर किंवा सोलरचा खर्च धरावाच लागेल. शाळेवर एक डिश आणि तिथून पाड्याला वायफाय, हा हिशोब जास्त जुळतो.

तोवर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन प्रश्न नक्की विचारता येतील. पंचायतीतलं भारतनेटचं मशीन चालू आहे का? बंद असेल तर तक्रार कधी आणि कुणाकडे केली? आणि आपल्या पाड्याची मागणी बीएसएनएलकडे लेखी गेली आहे का? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या.