कर बुडबुड्यांवर की साखरेवर?

उन्हाळा लागला की इच्छापोरच्या दुकानांतून थंड बाटल्यांना मोठी मागणी येते. हजिरा पट्ट्यातल्या कारखान्यातून पाळी संपवून घामाघूम आलेला कामगार वीसची नोट पुढे करतो आणि चार घोटांत बाटली रिकामी करतो. त्यांत खानदेशातून पोटासाठी इकडे आलेली आपली मंडळीही असते. या वीस रुपयांचा हिशेब आज मांडू.

फसफसणाऱ्या गोड पेयांवर १ जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ रोजी उपकर गेला, पण जीएसटीच ४० टक्के झाला. बोजा तोच राहिला. वीस रुपयांतले सुमारे साडेपाच रुपये कराचे. निम्मे केंद्राचे, निम्मे गुजरातचे.

कराने काय साधते?

मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. पहिल्या वर्षी खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. गरीब घरांत अधिक घटली. कामगार बेकार होतील, अशी ओरड उत्पादकांनी केली होती. पुढे अभ्यासकांनी रोजगाराचे आकडे तपासले, तेव्हा तशी घट आढळली नाही. बाटलीवर न गेलेला पैसा दुसऱ्या मालावर जातो आणि तिथे हातांना काम मिळते.

ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये निराळी युक्ती केली. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमहून कमी साखर असेल तर कर नाही. ८ ग्रॅमच्या पुढे सर्वांत जास्त. कर चुकवण्यासाठी कंपन्यांनी साखरच कमी केली.

आपल्याकडे मात्र कर फसफसण्याकडे पाहून बसतो. साखर नसलेल्या फसफसत्या पेयालाही ४० टक्के, आणि आंब्याच्या गोड पेयाला २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के! साखर दोन्हींत जवळपास सारखीच. मग कंपनीने साखर कमी का करावी? आणि आईने महागडी बाटली सोडून मुलाच्या हाती आंब्याचे पाकीट दिले, तर पैसे वाचले. साखर वाचली का?

ऊसवाल्यांचे काय?

बारडोली, सायण, चलथाणच्या सहकारी कारखान्यांवर पुष्कळ शेतकऱ्यांचे आणि डांग-नंदुरबारच्या ऊसतोड टोळ्यांचे पोट आहे. साखरेचा खप घटला तर आपले काय, ही त्यांची काळजी खोटी नाही. पण असा खप एका हंगामात कोसळत नाही, हळूहळू उतरतो. शिवाय ऊस आता साखरेपुरता राहिला नाही. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर गेले, त्यातले काही उसाचेच आहे. उलट मधुमेह शेतकऱ्याच्या घरीही येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. औषधांचा खर्च तर जन्माचा असतो.

घरचा हिशेब

रोज एक बाटली म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. त्यांतले सुमारे दोन हजार नुसत्या कराचे. २५० मिलिलिटर कोला पेयात पाच चमचे साखर असते. मोठ्या माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. एका बाटलीतच पंचवीस ग्रॅम संपले!

सरकारने कर साखरेच्या ग्रॅमवर बसवावा, असे आम्हांला वाटते. ते होईल तेव्हा होवो. तोवर पाकिटामागचा साखरेचा आकडा वाचायची सवय आपण लावून घेऊ. पाळीवर जाताना घरच्या ताकाची बाटली बरोबर नेऊ. जिरे-मीठ घातलेले ताक तहान भागवते आणि त्यावर एक पैसाही कर नाही.