कृतज्ञतेची अक्षय ठेव

स्वातंत्र्य मिळविणे जितके कठीण, तितकेच ते राखणेही कठीण असते. मिळविणाऱ्यांपैकी अनेकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येतात. राखणाऱ्यांपैकी कित्येकांची नावे मात्र त्यांच्या गावाची वेसही ओलांडत नाहीत. अशा वीरांचे ऋण सामान्य नागरिकाने कसे फेडावे? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर १९६३ साली तीन कलावंतांनी दिले.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील चुशूलजवळच्या रेझांग ला या खिंडीत १३ कुमाऊँ पलटणीच्या एका कंपनीने चिनी सैन्याशी अखेरपर्यंत झुंज दिली. मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखालील सुमारे १२० जवानांपैकी शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

युद्धातील अशा बलिदानांनी कवी प्रदीप अस्वस्थ झाले. उज्जैनजवळच्या बडनगर येथे जन्मलेल्या या कवीने पारतंत्र्याच्या काळातही आपली लेखणी देशकार्यासाठी झिजविली होती. मुंबईत माहीमच्या समुद्रकिनारी फिरताना त्यांना नव्या गीताच्या ओळी सुचल्या आणि जवळ कागद नसल्याने त्यांनी त्या सिगारेटच्या पाकिटातील चांदीवर टिपून घेतल्या, असे सांगितले जाते. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सुपुत्र सी. रामचंद्र यांनी त्या गीताला चाल दिली आणि लता मंगेशकर यांनी स्वर दिला. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हेच ते गीत.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत ते प्रथम गायिले गेले. युद्ध थांबून जेमतेम दोन महिने झाले होते. रेझांग ला येथील अनेक वीरांची पार्थिवे त्या दिवशीही बर्फाखालीच होती. ती फेब्रुवारीत सापडली. गीत ऐकून पंतप्रधान पंडित नेहरूंचे डोळे पाणावले, ही आठवण लतादीदींनी पुढे अनेकदा सांगितली.

येथवरची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. परंतु कवी प्रदीप एवढ्यावर थांबले नाहीत. या गीताच्या मानधनाचे हक्क त्यांनी युद्धात वीरमरण आलेल्या जवानांच्या पत्नींसाठी असलेल्या निधीला अर्पण केले. ईश्वराने दिलेली प्रतिभा ही जणू मूळ ठेव आणि तिचे व्याज कायम वीरपत्नींच्या नावे, अशी ही व्यवस्था होती.

संकल्प उदात्त असला तरी त्याचा हिशेब चोख राहावा लागतो, हेही या गीताच्या निमित्ताने दिसून आले. ऑगस्ट २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला थकबाकीपोटी दहा लाख रुपये या निधीत भरण्याचा आदेश दिला. गीत लिहिले गेल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ लोटला होता आणि कवी प्रदीप १९९८ मध्येच निवर्तले होते. तरीही त्यांनी दिलेला शब्द वीरपत्नींच्या बाजूने उभा राहिला.

प्रत्येकाला काव्य किंवा कंठ लाभत नाही. परंतु प्रत्येकाजवळ काही ना काही कौशल्य असतेच. शिक्षक एखाद्या वीरजवानाच्या पाल्याला शिकवू शकतो. डॉक्टर माजी सैनिकाची तपासणी विनामूल्य करू शकतो. हिशेबात निपुण असलेली व्यक्ती वीरपत्नीला निवृत्तिवेतनाची कागदपत्रे समजावून देऊ शकते. बँकेच्या खिडकीपाशी थरथरत्या हाताने अर्ज भरणाऱ्या वृद्ध माजी सैनिकाला आदराने खुर्ची देणे आणि त्याचे काम त्याच दिवशी पूर्ण करणे, हीसुद्धा देशसेवाच होय.

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी छातीवर छोटा ध्वज लावून निधीस यथाशक्ती हातभार लावावा. शिवाय आपल्या अंगच्या गुणांतून सैनिकांच्या कुटुंबांसाठी वर्षभर काय करता येईल, याचाही विचार करावा. ईश्वराने दिलेल्या देणगीचा याहून चांगला विनियोग तो कोणता?