ताप उतरला, पण आजी उठेनात

नर्सिंग होम म्हटले की आपल्याकडे डॉक्टरांचे छोटे खासगी इस्पितळ डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्या वृद्धांना स्वतःची अंघोळ, जेवण, उठबस जमत नाही आणि ज्यांना परिचारिकेची गरज रोजचीच असते, त्यांची ती राहण्याची जागा. आपला वृद्धाश्रम आणि इस्पितळ यांच्या मधली म्हणा ना! करोनाच्या साथीत अशा घरांवर जे गुदरले, त्यातून आपण घेण्यासारखे पुष्कळ आहे.

वॉशिंग्टन राज्यात सिॲटल शहराजवळ कर्कलंड नावाचे गाव आहे. २८ फेब्रुवारी २०२० रोजी तेथील एका नर्सिंग होममधील रहिवाशाला करोना झाल्याचे निष्पन्न झाले. १८ मार्चपर्यंत त्या एका घराशी संबंधित १६७ रुग्ण सापडले. त्यांत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीला आलेली माणसे होती. रहिवाशांपैकी ३४ जण तोवर दगावले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक ऐंशीच्या पुढचे, शिवाय कोणाला हृदयविकार, कोणाला मूत्रपिंडाचा विकार. कर्मचाऱ्यांपैकी मात्र त्या तारखेपर्यंत कोणीही दगावले नव्हते.

चौकशीत असे आढळले की काही कर्मचारी अंगात लक्षणे असताना कामावर येत होते, काही जण एकाहून अधिक ठिकाणी नोकरी करत होते. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पगारी रजा नसली आणि एका नोकरीत घर चालत नसले, तर कणकण असतानाही माणूस कामावर जातोच. आपल्याकडच्या मावशी, आयाबाई, वॉर्डबॉय याहून वेगळे काय करतात? आणि लक्षणे दिसली तरच धोका, असेही नव्हते. त्याच भागातील दुसऱ्या एका घरात ७६ रहिवाशांची तपासणी केली, तेव्हा ४८ बाधित निघाले. त्यातील २७ जणांना त्या वेळी काहीच त्रास नव्हता.

मृतांची चर्चा जगभर झाली, ते साहजिकच. पण रोज म्हातारी माणसे तपासणाऱ्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो वाचलेल्यांचा.

सुरुवातीला तेथे बऱ्याच ठिकाणी एक दंडक होता. लागोपाठ दोन चाचण्या निगेटिव्ह आल्याशिवाय रुग्णाला खोलीबाहेर काढायचे नाही. आता, या विषाणूचे मेलेले अवशेष नाकात कित्येक आठवडे सापडू शकतात. रुग्णापासून कोणाला लागण होत नसते, तरी चाचणी पॉझिटिव्हच येते. म्हणजे ताप गेलेली म्हातारी माणसे बंद खोलीत पडून राहायची. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हा आग्रह सोडला. लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवस झाले, औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि बाकीचा त्रास उतरणीला लागला, की बहुतेकांना पुरे, असे ठरले. दुखणे गंभीर असेल तर मुदत २० दिवसांपर्यंत.

या पडून राहण्याची किंमत काय? २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट वृद्धांना त्यात १० दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे मिळून सुमारे एक किलो मांस झडले. हे निरोगी माणसांचे! त्यात न्यूमोनिया आणि तोंडाची गेलेली चव यांची भर घाला.

२०२१ मध्ये आमच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, ऑक्सिजन ९७ आहे, मग ती उठत का नाही?” घरी जाऊन पाहिले. आजींना जेवण पडल्या-पडल्या भरवत होते, खिडकी बंद, चष्मा कपाटात आणि कानाचे यंत्र डबीत. मास्क लावून कोण काय बोलते ते त्यांना कळत नव्हते, म्हणून त्या काहीबाही बोलत. घरच्यांना वाटले, डोक्यावर परिणाम झाला. औषध मी एकच वाढवले, तेही पोट साफ होण्याचे. बाकी सांगितले ते असे: पहिल्या दिवशी कॉटच्या कडेला पाय सोडून बसवा, मग खुर्चीत, मग दोघांनी धरून उभे करा. जेवण बसवूनच द्या आणि नंतर अर्धा तास आडवे करू नका. गिळताना ठसका लागत असेल तर मला कळवा, कारण अन्न श्वासनलिकेत गेले की पुन्हा न्यूमोनिया. रात्री दर दोन तासांनी कूस बदला. तीन आठवड्यांनी आजी स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत चालत गेल्या.

आहाराबाबत आपल्याकडे फार कंजुषी होते. आजाऱ्याला पेज आणि साबुदाण्याची खीर! दुखण्यातून उठणाऱ्या वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. घट्ट वरण, दही, दूध, अंडे, शेंगदाण्याचे कूट असे थोडे-थोडे दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणखी एक. या वयात ताप फार चढतोच असे नाही. शंभरापर्यंतचा तापही दुर्लक्षू नये, आणि अचानक बरळणे किंवा जेवण सोडणे हेसुद्धा आजाराचे लक्षण समजावे.

राहिले कर्मचारी. ज्यांना रोज न्हाऊ-माखू घातले, वेणी घातली, अशी माणसे एका महिन्यात डोळ्यांदेखत गेली, तर सांभाळणारीच्या मनाचे काय होत असेल! तिचा ताप चार दिवसांत जातो, पण जिना चढताना धाप लागते, झोप येत नाही. अशा बाईला साठ किलोची म्हातारी एकटीने उचलायला लावली, तर पडतात दोघी.

आपल्याही जिल्ह्यात आता वृद्धाश्रम वाढत आहेत, घरोघरी सांभाळायला बाई ठेवली जाते. फ्लूची साथ तर दरवर्षीच येते. तेव्हा बाईला ताप आला तर पगार न कापता रजा द्या, म्हणजे ती लपवणार नाही. वृद्धांना आणि तिलाही फ्लूची लस टोचून घ्या. ती परतल्यावर पहिले पंधरा दिवस रात्रपाळी देऊ नका. भरवणे, बोलत बसणे, तेल लावणे अशी बसून करण्याची कामे द्या, आणि उचलायचे असेल तेव्हा दुसऱ्या कोणी हात लावावा.