ओबीडी गेजचे आकडे उड्या मारतायत? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

सांगली फाट्यावरून हायवेला लागलात. गाडी ८० वर, एसी चालू, सगळं मस्त. आणि डॅशबोर्डवर लावलेला मोबाईल सांगतोय, इंजिनाचं तापमान उणे ४० अंश! पुढच्या क्षणी परत ८९. मग आरपीएम शून्य. मग पुन्हा सगळं ठीक.

शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कित्येक तरुणांनी पहिली गाडी सेकंडहँड घेतलेली असते. गाडीबरोबर ऑनलाइन मागवलेलं एक ओबीडी डोंगल आणि मोबाईलमध्ये गेजचं अ‍ॅप हेही आलंच. आकडे वेडेवाकडे यायला लागले की दोन गोष्टी होतात. एक तर घाबरून चांगला सेन्सर बदलला जातो. किंवा ‘हे गेज असंच आहे’ म्हणून त्याच्याकडे बघणंच बंद होतं, आणि ज्या दिवशी इंजिन खरंच तापतं त्या दिवशी हेड गॅस्केटचा खर्च बसतो. दुसरा प्रकार जास्त महागात जातो. म्हणून गेज खोटं बोलतंय की गाडी खरंच आजारी आहे, हे ओळखता यायला हवं.

आकडा तुमच्यापर्यंत येतो कसा?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून हे ओबीडी-२ सॉकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आणि दुसरा एप्रिल २०१३ ला आला. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. अशा गाडीत साधं डोंगल अर्धवटच चालणार, त्यात बिघाड शोधत बसू नका.

आकड्याचा प्रवास असा: सेन्सर, मग गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, मग सॉकेट, मग डोंगल, मग ब्लूटूथ, आणि शेवटी अ‍ॅप. सहा टप्पे. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गडबड झाली तरी स्क्रीनवर आकडाच चुकतो. आपण मात्र थेट पहिल्या टप्प्यावर, सेन्सरवर संशय घेतो.

उणे ४० च का?

ईसीयू तापमान पाठवतो ते ० ते २५५ मधल्या एका आकड्यात. अ‍ॅप त्यातून ४० वजा करतं. म्हणजे १३० आलं तर तापमान ९० अंश. आता मधे कुठेतरी माहिती तुटली आणि अ‍ॅपने तिथे शून्य धरलं, तर उत्तर येतं उणे ४०. तसंच २१५ अंश दिसले तर समजा, २५५ हा शेवटचा आकडा आला. आरपीएमचा सर्वात मोठा आकडा १६,३८३.७५ आहे, तो दिसला तरी इंजिन फुटलेलं नाही.

पण सेन्सरची वायर खरंच तुटली तरीही अनेक गाड्यांत उणे ४० च दिसतं. मग फरक कसा ओळखायचा? वेळेवरून. इंजिनात काही लिटर गरम कूलंट फिरत असतं, ते एका सेकंदात ९० वरून उणे ४० ला जाऊच शकत नाही. आकडा क्षणभर पडून लगेच परत आला, तर सहसा डोंगल किंवा ब्लूटूथमध्ये माहिती गळतेय. आकडा उणे ४० वर चिकटून राहिला, चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनमध्ये पी०११८ हा कोड आला, तर सेन्सर किंवा त्याची वायर बघायची वेळ झाली. खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की आकडा उडतो आणि दिवाही लागतो, असं असेल तर सेन्सरचं कनेक्टर सैल आहे का हे आधी बघा.

पायरी १: सॉकेट

इंजिन बंद करा, टॉर्च लावून सॉकेटमध्ये बघा. पिन हिरवट किंवा पांढुरक्या दिसतात का? वाकल्या आहेत का? डोंगल हाताने हलवल्यावर दिवा मिचमिचतो का?

आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली होती. सीटपर्यंत पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून विकली गेली असेल, तर गंज अशाच कनेक्टरमध्ये लपून राहतो. सेकंडहँड गाडी घेताना सॉकेटमध्ये डोकावणं हा एका मिनिटाचा फुकटचा तपास आहे.

पिन साफ करायला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. पेट्रोल नको, पिन खरवडायला स्क्रू-ड्रायव्हर तर नकोच. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे १२ व्होल्ट गाडी बंद असतानाही असतात. तो आणि ४ नंबरचा अर्थिंगचा पिन चुकून जोडला गेला की फ्यूज उडतो.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर आणखी एक तपासणी करता येते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि ६ व १४ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. कॅन पद्धतीच्या बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास येतो, कारण लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. मीटर १२० दाखवत असेल तर एक टोक सुटलंय. मग गाडी वायरमनकडे न्या.

पायरी २: डोंगल

स्वस्त डोंगलवर ‘ईएलएम३२७ व्हर्जन १.५’ असं लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ हे व्हर्जन काढलंच नव्हतं. नकली चिप म्हणजे वाईटच असं नाही, काही नीट चालतात. पण काहींना निम्म्या कमांड कळत नाहीत आणि भराभर प्रश्न विचारले की त्या गडबडतात.

म्हणून अ‍ॅपमधली सगळी गेज काढा, फक्त कूलंट तापमान ठेवा. आकडा स्थिर झाला? मग डोंगलवर भार जास्त होत होता. जुन्या के-लाईन पद्धतीत वेग सेकंदाला फक्त १०,४०० बिट असतो, तर कॅनमध्ये साधारण ५ लाख. जुन्या गाडीत एकदम आठ गेज लावले तर काटे अडखळणारच. तीन-चार पुरेत.

शक्य असेल तर मित्राच्या गाडीत तेच डोंगल लावून बघा, आणि त्याचं तुमच्या गाडीत. दोष डोंगलबरोबर फिरतो की गाडीबरोबर राहतो, यावरून निम्मा निकाल लागतो.

पायरी ३: मोबाईल

आकडा उडत नाही, नुसता गोठतो? मग संशय फोनवर घ्या. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. एकाच डोंगलवर दोन अ‍ॅप एकाच वेळी चालवू नका. डोंगल वायफायचं असेल तर त्यात इंटरनेट नसल्याने फोन आपोआप मोबाईल डेटावर उडी मारतो. ते ऑटो-स्विच बंद करा.

पायरी ४: अ‍ॅपचा हिशोब

आकडा स्थिर आहे पण पटत नाही, असंही होतं. टर्बो गाडीचं बूस्ट गेज घ्या. ईसीयू पाठवतो तो एकूण दाब. त्यातून हवेचा दाब वजा केला की बूस्ट मिळतो. बरीच अ‍ॅप हवेचा दाब समुद्रसपाटीचा, म्हणजे १०१ किलोपास्कल धरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे तो साधारण ९५ असतो. त्यामुळे इंजिन बंद असतानाही बूस्ट उणे ६ दिसतो. टर्बो ठणठणीत आहे, अ‍ॅपमध्ये हवेचा दाब दुरुस्त करा.

वेगाचंही तसंच. मीटरवर १००, ओबीडीवर ९६ आणि जीपीएसवर ९५ दिसलं तर तो बिघाड नाही. स्पीडोमीटर मुद्दामच थोडा जास्त दाखवतात.

फाउंड्रीच्या भट्टीमुळे होतं का?

शिरोलीत हा प्रश्न हमखास निघतो, कारण आजूबाजूला विजेवर चालणाऱ्या मोठमोठ्या भट्ट्या आहेत. कॅनच्या दोन वायर एकमेकींना पीळ घालून नेलेल्या असतात आणि ईसीयू त्या दोघींमधला फरक वाचतो. बाहेरचा गोंधळ दोन्ही वायरवर सारखाच पडतो, त्यामुळे फरक तोच राहतो. म्हणजे शक्यता कमीच. खात्री हवी असेल तर तेच गेज कारखान्याबाहेर आणि मग तावडे हॉटेलच्या पुढे जाऊन बघा. दोन्हीकडे आकडे सारखेच उडत असतील तर भट्टी निर्दोष.

गेज खरं बोलतंय हे कधी मानायचं?

तापमान उडी न मारता ९५, १००, १०५, ११० असं पायरी-पायरीने चढत असेल, तर तो डोंगलचा खेळ नाही. डॅशबोर्डचा काटा किंवा लाल दिवा लागायची वाट बघू नका. एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आतलं पाणी दाबाने उसळून अंगावर येतं.

आणि दोन सवयी लावून घ्या. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा, ते बॅटरीवर चालूच राहतं. आणि चालत्या गाडीत आकडे शेजारच्याला बघू दे, किंवा अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग लावा. मिस्त्रीकडे जाताना ‘काहीतरी उडतंय’ म्हणण्यापेक्षा ते रेकॉर्डिंग दाखवा: कुठला आकडा, किती सेकंद, खड्ड्यात की सपाट रस्त्यावर, दिवा लागला की नाही. एवढ्यावर चांगला मिस्त्री योग्य वायरपर्यंत लवकर पोचतो, आणि तुमचा एक सेन्सर वाचतो.