ग्लो इंजिन हवेत बंद पडतंय? आधी मफलर बघा

जमिनीवर इंजिन झकास चालतं, पण मॉडेल विमान चढायला लागलं की आवाज बारीक होतो आणि इंजिन बंद. अशा वेळी बरेच जण थेट नीडलला (इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूला) हात घालतात. माझं ठाम मत आहे, आधी मफलर तपासा.

मफलरच्या निपलवरून टाकीकडे जाणारी बारीक नळी एक्झॉस्टचा दाब टाकीला देते, त्या दाबामुळे इंधन नीट पोचतं. मफलरचे बोल्ट सैल असले किंवा नळीला चीर असली की दाब पडतो, मिश्रण लीन होतं (इंधन कमी पडतं), इंजिन तापतं. जोडावर काळपट, तेलकट ओघळ दिसला की समजा गळती तिथेच आहे.

गळती काढल्यावर फुल थ्रॉटलला नीडल सर्वोच्च आरपीएमवर आणा, मग २००-३०० आरपीएम उतरेपर्यंत उघडा. पंख्याच्या मागेच उभं राहा हं! आता विमानाचं नाक वर धरा. आरपीएम टिकले किंवा किंचित वाढले तर सेटिंग ठीक, पडले तर अजून लीन आहे.

मग कमी वेगाचं मिश्रण तपासायला आयडलला इंधननळी चिमटा. इंजिन लगेच बंद पडलं तर ते मिश्रण लीन. बराच वेळ वेग वाढत राहिला तर रिच, म्हणजे इंधन जास्त. उडताना मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसलीच पाहिजे.